मागाच्या खडखडाटात ऐकू येणारा कान : ओटोस्क्लेरोसिसचं एक प्रकरण

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरण्याचं काम करणारी ३२ वर्षांची बाई कान तपासायला आली, ती निदान सोबत घेऊनच. 'मागाच्या आवाजानं कानाची शीर सुकलीय, आता काही होणार नाही,' असं तिला आधीच सांगितलं गेलं होतं. बी-१२ ची इंजेक्शनं झाली होती, मळ काढून झाला होता, घरी कोमट तेल घालून झालं होतं. तिला फक्त श्रवणयंत्र कुठलं घ्यावं हे विचारायचं होतं. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गेली सहा वर्षं ऐकू कमी येत होतं, उजव्या कानानं जास्त कमी. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्रास वाढल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. रात्री सगळं शांत झालं की उजव्या कानात घूं घूं असा आवाज. कान कधी फुटला नाही, वाहिला नाही, दुखला नाही. चक्कर नाही. लग्नाआधीपासून, म्हणजे साधारण बारा वर्षं, ती मागांच्या शेजारीच काम करत होती. धोट्याच्या मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि त्या आवाजात वर्षानुवर्षं राबणाऱ्यांचे कान खरोखर जातात. तेव्हा 'मागानं कान गेले' हा निष्कर्ष उगाच काढलेला नव्हता. पण तो तिच्या तोंडून काही ऐकण्याआधीच काढलेला होता.

तिनं सांगितलेल्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट तिनं सहज सांगितली आणि निदानाची दिशा तिथंच बदलली. "कारखान्यात समदं ऐकू येतंय बघा. घरात आलं की बहिरी."

आवाजानं ज्याच्या आतल्या कानाच्या पेशी मेल्या आहेत तो माणूस हे कधीच म्हणणार नाही. त्याला गोंगाटात सर्वात जास्त त्रास होतो. लग्नाच्या मांडवात, बाजारात, भांड्यांच्या आवाजात त्याला शब्द वेगळे काढता येत नाहीत. गोंगाटात उलट बरं ऐकू येणं ही आवाज आत पोहोचवणारी वाट अडल्याची खूण आहे. इंग्लंडचा वैद्य थॉमस विलिस यानं १६७२ मध्ये अशा एका स्त्रीची नोंद केली आहे. ढोल वाजत असतानाच तिला बोलणं ऐकू येई, म्हणून नवऱ्यानं ढोल वाजवायला एक नोकर ठेवला होता. कारण सरळ आहे. खडखडाटात शेजारची बाई आपोआप मोठ्यानं बोलते. निरोगी कानावर मात्र तो खडखडाटही तितक्याच जोरानं आदळतो आणि बोलणं बुडवतो. जिच्या कानाची वाट अडली आहे तिच्यापर्यंत खडखडाट मंद होऊन पोहोचतो, आणि चढलेला मानवी आवाज तेवढा त्यातून वर निघतो.

दुसरी गोष्ट सासूबाईंनी सांगितली, तक्रारीच्या सुरात: "तोंडातल्या तोंडात बोलती. मोठ्यानं बोल म्हटलं तरी बोलत न्हाई." शीर खराब झालेली माणसं मोठ्यानं बोलतात, कारण त्यांना स्वतःचाच आवाज नीट येत नाही. या बाईला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून आत थेट आणि मोठा ऐकू येत होता, म्हणून ती तो खाली ठेवत होती. घरच्यांनी तिला लाजरी ठरवलं होतं, आणि हळूहळू थोडी मंदही. मला हे फार लागतं. एका हाडाच्या आजारानं बाईचा स्वभावच ठरवून टाकला होता.

तिसरी गोष्ट विचारल्यावर कळली. जेवताना तिला काहीच ऐकू येत नसे. भाकरी चावण्याचा आवाज जबड्याच्या हाडातून आतल्या कानात जातो आणि समोरच्याचं बोलणं झाकून टाकतो.

घराण्यात? आत्या तिशीतच 'बहिरी' झाली होती. ती कधी कारखान्यात गेलेली नव्हती.

नादकाटा आणि आलेख

दोन्ही पडदे शाबूत, पांढरे, चकचकीत. पडद्यामागे पाणी नाही. उजव्या पडद्यातून आत किंचित गुलाबी झाक दिसली असं मला वाटलं. श्वार्ट्झ यांच्या नावानं ही खूण ओळखली जाते. ओटोस्क्लेरोसिस, म्हणजे आतल्या कानाभोवतीचं हाड बिघडून ऐकण्याची वाट अडवणारा आजार, जोमात असताना त्या हाडावर वाढलेल्या रक्तवाहिन्यांमुळे ती दिसते. पण ती थोड्याच रुग्णांत दिसते आणि शोधणाऱ्याला हवी तिथं दिसण्याचा धोकाही असतो. तिच्यावर मी भार टाकला नाही.

५१२ हर्ट्‌झचा नादकाटा उजव्या कानासमोर धरला तेव्हा आवाज कमी, कानामागच्या हाडावर टेकवला तेव्हा जास्त. कपाळाच्या मध्यावर टेकवला तर तो उजवीकडे, म्हणजे जास्त अधू कानाकडे गेला. शीर गेलेली असती तर तो चांगल्या कानाकडे गेला असता. नादकाट्याला फारसा पैसा लागत नाही आणि वेळ मिनिटभर लागतो. सहा वर्षांत तिच्या कपाळावर तो कुणी टेकवला नव्हता.

श्रवण-आलेखानं आकडे दिले. उजव्या कानात हवेतून जाणाऱ्या आवाजाची पातळी ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झला अनुक्रमे ६०, ५५ आणि ५० डेसिबल (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी). त्याच ठिकाणी हाडातून जाणाऱ्या आवाजाची पातळी १०, १५ आणि २५. दोहोंतली तफावत सरासरी ३८ डेसिबल. आतला कान ठीक आहे आणि वाट अडलेली आहे, हे त्या तफावतीत स्वच्छ दिसतं. २००० हर्ट्‌झला हाडाच्या रेषेत पडलेली छोटी खाच अमेरिकेतल्या रेमंड कारहार्ट यांनी १९५० मध्ये ओटोस्क्लेरोसिसशी जोडून दाखवली. ती शिरेची इजा नसते. कानातल्या हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी त्याच सुमाराच्या कंपसंख्येला सर्वात चांगली थरथरते. साखळीचं टोक, म्हणजे रिकीब, जखडलं की हाडातून येणाऱ्या आवाजातला तिचा वाटा जातो आणि आलेखात खाच दिसते.

डाव्या कानात तफावत कमी होती, २३ च्या आसपास. पण तिथं ४००० हर्ट्‌झला हाडाची रेषा ३० पर्यंत खाली आली होती. उजवीकडे त्याच जागी ती १५ वर होती. ४००० हर्ट्‌झची खाच ही गोंगाटानं झालेल्या इजेची नेहमीची खूण. दोन्ही कान तितकीच वर्षं त्याच मागांशेजारी होते. उजव्या कानाची वाट जास्त अडलेली असल्यानं त्याचा आतला भाग बचावला असावा, असं मी मानतो. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण पुढचा सगळा निर्णय या एका निरीक्षणाभोवती फिरला.

मध्यकर्णातला दाब दोन्हीकडे नॉर्मल. मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आकसतो ती प्रतिक्रिया दोन्हीकडे नाही. हे तपासणं आवश्यक होतं, कारण आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरलं तरी आलेखात अशीच तफावत येते. मात्र तिथं ही प्रतिक्रिया शाबूत राहते. अशा रुग्णाची रिकीब बदलली तर काहीच सुधारत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर नव्हता, हाडं वारंवार मोडल्याचा इतिहास नव्हता. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजारही बाजूला पडला. पातळ छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या लंबगोल खिडकीच्या, म्हणजे रिकीब जिथं आतल्या कानाला टेकते त्या जागेच्या, नेमक्या पुढच्या कडेला हाडाचा दीडेक मिलिमीटरचा विरळ ठिपका होता. शंखिकेभोवती, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या वळणदार नळीभोवती, विरळ हाडाचं कडं नव्हतं, ही दिलासा देणारी बाब.

जे हाड बदलायचं नसतं

आतल्या कानाभोवतीचं हाड शरीरातल्या इतर कुठल्याही हाडासारखं वागत नाही. बाकी सांगाडा सतत मोडला आणि बांधला जातो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, काही आठवड्यांत. मग ऑस्टिओब्लास्ट तिथं नवं हाड घालतात, काही महिन्यांत. प्रौढ माणसाचा साधारण दहा टक्के सांगाडा असा दरवर्षी नवा होतो. आतल्या कानाला अगदी लागून असलेल्या हाडात हा वेग वर्षाला सुमारे ०.१३ टक्के मोजला गेला आहे. त्या पोकळीपासून जसजसं दूर जावं तसतसा वेग वाढतो आणि बाहेरच्या कडेला तो सर्वसाधारण हाडाजवळ पोहोचतो.

हे कवच गर्भाच्या साधारण मध्यावरच प्रौढ आकाराचं होतं. त्यानंतर ते वाढत नाही. त्यात गर्भातल्या कूर्चेचे अंश म्हातारपणीही सापडतात, कारण ते काढून टाकायला तिथं कुणी फिरकलेलंच नसतं.

कुणी फिरकू नये याची व्यवस्था आतला कान स्वतः करतो. ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायला रँक-एल नावाच्या प्रथिनाचा संदेश लागतो. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिन, १९९७ मध्ये सापडलेलं, त्या संदेशालाच पकडून निकामी करतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इथल्या संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास दाखवलं की शंखिकेतल्या पेशी हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर बनवतात, ते आतल्या द्रवात उतरतं आणि तिथून हाडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या जाळ्यातून भोवतालच्या कवचात झिरपतं. ज्या उंदरांत हे प्रथिन मुळातच नसतं त्यांच्या कानाचं कवच झपाट्यानं मोडू-बांधू लागतं आणि त्यांचं ऐकणं बिघडतं. ऐकण्याचं नाजूक यंत्र आपल्या भोवतालच्या हाडाला असं स्थिर ठेवतं, आणि हे समजल्यापासून मला हा आजार निव्वळ 'हाड वाढलं' असा सांगता येत नाही.

ओटोस्क्लेरोसिसमध्ये ही बंदी एका छोट्या जागी उठते. माणसाखेरीज इतर प्राण्यांत हा आजार आढळत नाही आणि माणसातही तो कानाच्या कवचापुरताच राहतो. बहुतेकदा त्याची सुरुवात लंबगोल खिडकीच्या पुढच्या कडेला होते. तिथं हाड विकसित होताना मागे राहिलेली कूर्चा-तंतूंची एक बारीक फट असते. आधी ऑस्टिओक्लास्ट कठीण हाड खातात. मोकळ्या जागेत रक्तवाहिन्या शिरतात, हाड स्पंजासारखं होतं. मग त्यात नवं, वेडंवाकडं विणलेलं हाड भरतं, ते पुन्हा खाल्लं जातं, पुन्हा भरतं, आणि शेवटी तिथं दाट, कडक गाठ उरते. एकाच ठिपक्यात हे टप्पे शेजारी शेजारी सापडतात.

ठिपका खिडकीच्या कडेशीच राहिला तर माणसाला आयुष्यभर काही कळत नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या कानांमध्ये असे गुपचूप ठिपके प्रत्यक्ष बहिरेपणापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. तो रिकिबीच्या तळपट्टीकडे सरकला की मात्र खेळ बदलतो. रिकीब शरीरातलं सर्वात लहान हाड, उंची सव्वातीन मिलिमीटर, वजन तीन मिलिग्रॅमच्या आसपास. तिची तळपट्टी खिडकीत एका लवचिक कड्यानं बसवलेली असते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकावं तशी ती अडकते. आधी पुढची कड, म्हणून खालच्या पट्टीतले आवाज आधी जातात, मग पूर्ण पट्टी.

हे का होतं याचं एकच उत्तर नाही. आजार अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, पण जनुक मिळालेल्या सगळ्यांना होत नाही. अंदाजे चाळीस टक्क्यांत तो दिसतो. आत्याला झाला, वडिलांना झाला नाही, तिला झाला: ही चाल त्यात बसते. आजारी हाडात गोवराच्या विषाणूचे अंश सापडले आहेत, आणि गोवराची लस रुळल्यावर काही देशांत नवे रुग्ण घटल्याची नोंद आहे. बायकांमध्ये निदान पुरुषांच्या साधारण दुप्पट होतं.

बाळंतपणाविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिनं मला थेट विचारलं: "दुसरं मूल झालं नसतं तर कान ऱ्हायला असता का?" जुन्या पुस्तकांत गरोदरपणानं आजार वाढतो असं ठामपणे लिहिलेलं आहे. मुलं झालेल्या आणि न झालेल्या रुग्ण स्त्रियांची अलीकडे जी तुलना झाली, तिच्यात ऐकण्यात ठळक फरक आढळलेला नाही. हा आजार ज्या वयात वाढतो तेच वय बाळंतपणाचं असतं. मी तिला सांगितलं की मुलाचा यात दोष नाही, आणि हे वाक्य मी सासूबाई खोलीत असताना, मोठ्यानं सांगितलं.

निर्णय

तीन वाटा होत्या. काहीच न करता दरवर्षी आलेख काढणं. श्रवणयंत्र, जे अशा कानाला फार छान लागू पडतं, कारण आतला कान चांगला असतो आणि आवाज मोठा करून दिला की पुरतो. किंवा रिकिबीची शस्त्रक्रिया, ज्यात अनुभवी हातांत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांची तफावत दहा डेसिबलच्या आत येते, आणि शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा पूर्ण बहिरा होतो. हा शेवटचा आकडा मी कधीही हळू आवाजात सांगत नाही.

औषधांविषयी: सोडियम फ्लोराइड १९६० च्या दशकात शिकागोच्या जॉर्ज शँबॉ यांनी पुढे आणलं. हाड खाणं मंदावेल ही त्यामागची कल्पना. पुरावा कमजोर आहे. तिच्या शंखिकेभोवती आजार नव्हता, म्हणून दिलं नाही. यवतमाळ-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं दात आणि सांधे गेलेली माणसं पाहिली की हे औषध हलक्या हातानं लिहवतही नाही.

खरा पेच गोंगाटाचा होता. अडकलेली रिकीब उजव्या कानाचं मागांपासून रक्षण करत आली होती. शस्त्रक्रियेत ती वाट उघडणार, शिवाय रिकिबीच्या स्नायूचा कंडरा कापला जाणार, म्हणजे मोठ्या आवाजाला आवरणारी नैसर्गिक लगामही जाणार. कान उघडून तिला पुन्हा त्याच जागी उभं करणं म्हणजे दिलेलं ऐकणं काही वर्षांत परत घेणं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी नवऱ्याला बोलावलं. कानावरची कवचं घालून काम करणं किंवा कामाची जागा बदलणं, यातलं एक ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं सांगितलं. तो स्वतः मागावर होता, डोकं हलवत ऐकत होता. त्याचाही आलेख काढला. ४००० हर्ट्‌झची खाच त्याच्या दोन्ही कानांत होती, आणि ती खरी गोंगाटाची होती.

तिला मेंडिंगचं, म्हणजे कापडातले दोष तपासून दुरुस्त करण्याचं काम मिळालं. ते मागांपासून वेगळ्या खोलीत चालतं. मग तिनं उजव्या कानाच्या शस्त्रक्रियेला होकार दिला.

शस्त्रक्रिया

जागेपणी, कानात भूल देऊन, कानाच्या नळीतूनच. रुग्ण जागी असली की चक्कर आली तर लगेच सांगते, आणि ऐकू आलं तरी लगेच सांगते. पडदा उचलून पुढे घेतला. चवीची बारीक नस वाटेत होती. ती ताणली गेली, तुटली नाही. हातोडा हलला, ऐरण हलली, रिकीब हलली नाही. तळपट्टीच्या पुढच्या कडेला हाड पांढरट, फुगीर होतं.

ऐरणीपासून तळपट्टीपर्यंतचं अंतर मोजलं. कंडरा कापला, सांधा सोडवला, रिकिबीचा वरचा भाग काढला. तळपट्टीच्या मागच्या अर्ध्या भागात ०.७ मिलिमीटरचं छिद्र केलं आणि त्यात ०.६ मिलिमीटर व्यासाचा, ४.५ मिलिमीटर लांबीचा टेफ्लॉनचा पिस्टन ऐरणीला अडकवून बसवला. भोवती चरबीचा बारीक तुकडा. अमेरिकेत मेम्फिसच्या जॉन शे यांनी १९५६ मध्ये टेफ्लॉनची रिकीब पहिल्यांदा बसवली तेव्हा ते पूर्ण तळपट्टी काढत. आता बहुतेक ठिकाणी फक्त छिद्र करतात, आतल्या कानाला धोका कमी.

पडदा परत ठेवला. मी कुजबुजत तिचं गाव विचारलं. तिनं उत्तर दिलं, आणि नंतर म्हणाली, "एवढं मोठ्यानं नका बोलू."

नंतर

पहिले दोन दिवस मान वळवली की गरगरत होतं. जिभेच्या उजव्या बाजूला काही आठवडे धातूसारखी चव होती, मग गेली. शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, नाक जोरानं शिंकरायचं नाही, घागर-पोतं उचलायचं नाही, हे तिनं पाळलं. घरातल्या कुकरची शिट्टी पहिले दहा-पंधरा दिवस तिला सहन होत नव्हती.

तीन महिन्यांच्या आलेखात उजव्या कानाची हवेची पातळी २५, २० आणि २०. तफावत दहा डेसिबलच्या आसपास. २००० हर्ट्‌झची हाडाची रेषा २५ वरून १५ वर आली. साखळी पुन्हा हलू लागली तशी कारहार्टची खाचही भरली. कानातली घूं घूं कमी झाली, पूर्ण गेली नाही.

सासूबाई म्हणतात की ती आता मोठ्यानं बोलते. हेही अपेक्षितच: हाडातून येणारा स्वतःचा आवाज आता इतर आवाजांच्या मानानं वाजवी वाटतो.

एक गोष्ट तिला आणि नवऱ्याला पुन्हा पुन्हा समजावली. शस्त्रक्रियेनं आजार गेलेला नाही. खिडकीच्या कडेचा ठिपका तिथंच आहे. आपण त्याला वळसा घालून आवाजाला नवी वाट दिली आहे. ठिपका पुढे शंखिकेकडे पसरला तर हाडाची रेषाही खाली येईल, आणि तेव्हा पिस्टन कामाचा राहणार नाही. श्रवणयंत्र, आणि अगदी शेवटी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शंखिकेत बसवायचं विद्युत यंत्र, हेच उपाय उरतील. म्हणून आलेख दरवर्षी.

डाव्या कानाची शस्त्रक्रिया लगेच करायची नाही असं ठरलं. तिथली तफावत अजून मध्यम आहे आणि उजवा कान किमान वर्षभर स्थिर राहिलेला पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावणं मला मान्य नाही. एकुलत्या चांगल्या कानाचा जुगार कुणाकडूनही खेळवून घेऊ नये. तिच्या फाइलमध्ये पिस्टनचा प्रकार, माप आणि तारीख लिहिलेलं कार्ड आहे. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते आधी दाखवायचं: टेफ्लॉनला चुंबकाची अडचण नाही, पण जुन्या काही धातूच्या पिस्टनांना होती, आणि तंत्रज्ञाला कानात काय आहे हे ठाऊक असलं पाहिजे. आत्याला तपासणीला आणायचं तिनं कबूल केलं आहे. तिचंही वय आता साठीजवळ आहे आणि तिच्या कानांचा आलेख आजवर कधी निघालेला नाही.